पंचगंगेच्या नोंदी विद्यार्थ्यांकडूनही घ्या

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांस,


प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत पंचगंगेत काय काय मिसळते, हे मंडळाला सांगायला नको. जयंती नाला आणि इचलकरंजीतल्या कापड प्रक्रियेचे सांडपाणी आपल्या कागदोपत्री वर्षानुवर्षे आहे. तरीही उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेले मासे तरंगले की मगच धावपळ सुरू होते. नियमित नमुना महिन्यातून एकदा, तोही दिवसा घेतला जातो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र तासातासाला बदलतो. बंधाऱ्यात तुंबलेल्या, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच वापरते, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे गुदमरतात ते त्याच वेळी. दुपारच्या नमुन्यात हे दिसणारच नाही. पहाटेच्या नोंदी वारंवार हव्यात, आणि तेवढे मनुष्यबळ मंडळाकडे नाही. ते नदीकाठच्या विज्ञान महाविद्यालयांत आहे.

विद्यार्थ्यांच्या आकड्यांवर विसंबायचे कसे, असे आपले अधिकारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला परकी नाही. बुडबुडा न राहू देता बाटली भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड तिथेच घालायचे. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर पाणी गुदमरले आहे, हे काठावर उभ्या माणसालाही दिसते. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत थायोसल्फेटने काढायचा. सांडपाण्यातले काही घटक या चाचणीत ढवळाढवळ करतात, हे खरे. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भराव्यात आणि महिन्यातून एकदा मंडळाच्या नमुन्यासोबतच विद्यार्थ्यांचाही नमुना घेऊन आकडे ताडून पाहावेत. लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमची चूक राहिली तरी सहा आणि एक यांतला फरक त्यात बुडत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ नुसार विहित रीतीने घेतलेला नमुनाच न्यायालयात पुरावा ठरतो. विद्यार्थ्यांची नोंद पुरावा मानावी, अशी मागणीच नाही. तिचे काम इशारा देण्याचे. पुरावा आपल्या अधिकाऱ्यानेच गोळा करायचा. माशांसाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, हा केंद्रीय मंडळाचाच निकष आहे. नोंद त्याखाली गेली की त्याच दिवशी अधिकृत नमुना घेतला जावा, एवढाच आदेश हवा. कारखान्यांवर यातून विनाकारण बालंट येणार नाही, कारण नोंद नदीची आहे, कुणा एका कारखान्याची नाही.

पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प पदवीच्या विद्यार्थ्यांना करावाच लागतो. आज त्याच्या वह्या गुण मिळाले की रद्दीत जातात. त्याऐवजी या नोंदीच प्रकल्प म्हणून धराव्यात. सुरक्षेसाठी पावसाळ्यात काम बंद ठेवावे, एरवी पाण्यात न उतरता बंधाऱ्यावरूनच दोरीने नमुना काढावा, सोबत प्राध्यापक असावेत. यंदा जानेवारी ते मे राजाराम, रुई आणि तेरवाड या तीन बंधाऱ्यांवर सुरुवात करावी आणि प्रत्येक आकडा, सोबत मंडळाने त्यावर काय केले ते, त्याच आठवड्यात लोकांसमोर ठेवावे, ही विनंती.

आपला नम्र,
पंचगंगाकाठचा एक नागरिक