दंगल म्हणू नका

दोस्तहो, १९१७ साली झार कोसळला. टाळ्या आपणही वाजवतो. पण त्या तख्ताचे दगड पडले कोणाच्या टाळक्यात, हे कोणी विचारत नाही. पुस्तकवाले एका ओळीत उरकतात : अराजक माजलं, दंगली झाल्या. च्यायला, कसली दंगल? दंगल दोघांत होते.

१५ फेब्रुवारी १९१९. युक्रेनमधलं प्रोस्कुरोव्ह. शनिवार, ज्यूंचा शब्बाथ. बोल्शेविकांचा फसलेला उठाव सकाळीच चिरडून झाला होता. मग सेमोसेंको नावाच्या अतामानचे शिपाई रांगेने ज्यू वस्तीत निघाले. पुढे बँड. हुकूम असा की गोळी नको, तलवार-संगीन चालवा. काही तासांत सुमारे १५०० माणसं कापली. म्हातारे, बाया, पोरं. बँड लावून येतं ते अराजक?

हे शिपाई पेटलिउराच्या प्रजासत्ताकाचे. याच प्रजासत्ताकानं जानेवारी १९१८ मध्ये ज्यूंना स्वायत्ततेचा कायदा दिला होता. कायदा कागदावर, तलवार मानेवर! पोग्रोमविरुद्ध पेटलिउराचा कडक हुकूम निघाला ऑगस्ट १९१९ मध्ये. प्रोस्कुरोव्हच्या मढ्यांना तोवर सहा महिने झाले होते.

सप्टेंबरात फास्तिव्हला डेनिकिनचे पांढरे कोसॅक आले. तिथं हजारावर मेले. आणि लाल झेंडेवाल्यांनो, मान खाली घालू नका, ऐका : १९१८ साली ग्लुखोवमध्ये आणि १९२० साली बुद्योनीच्या घोडदळात लाल शिपायांनीही ज्यू मारले. तिथं रेजिमेंटी मोडल्या, काहींना गोळ्या घातल्या, हेही खरं. पण मेलेला उठून बसला नाही.

ज्यूच का? झारशाहीनं शंभरावर वर्षं त्यांना हद्द आखून कोंडलं. १८८२ नंतर खेड्यात नव्यानं राहायला, जमीन घ्यायला बंदी. मग दुकान, शिवणकाम, चांभारकी नाही तर काय करणार? अर्धपोटी शिंपी-चांभारच जास्त. तरी शेतकऱ्याला सांगितलं, हा तुझा सावकार. पांढऱ्यांना सांगितलं, हा बोल्शेविक. सावकार म्हणूनही मारलं, बोल्शेविक म्हणूनही मारलं. कुंपण घालणारा झार मात्र हिशेबातून सुटला.

मेले किती? कोणी पन्नास हजार म्हणतं, कोणी लाखावर. खुनी स्वतःच्या खुनांची खातेवही ठेवत नसतो. ती ठेवली ज्यूंनीच. १९१९ सालीच कीव्हमध्ये चेरिकोवर आणि त्याचे सोबती वाचलेल्यांच्या जबान्या गोळा करत बसले. बाहेर कत्तल चालू, आत लेखणी चालू.

२५ मे १९२६ ला पॅरिसमध्ये श्वार्झबार्ड नावाच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कवीनं पेटलिउराला गोळ्या घातल्या. १९२७ साली ज्यूरीनं त्याला सोडलं. पेटलिउराचा दोष किती, यावर पंडित आजही भांडतात. भांडोत! पण त्या कोर्टात प्रोस्कुरोव्ह बोललं, कारण कोणीतरी ते लिहून ठेवलं होतं.

तेव्हा तख्त पडताना नाचा जरूर, पण एक डोळा गल्लीत ठेवा. बँड कोणाचा, हुकूम कोणाचा, मेला कोण – नावानिशी लिहा. झेंड्याचा रंग बघून शाई बदलू नका.