किल्टच्या निऱ्या आणि आपले हसू

१९२७ सालचा एक मूकपट आहे, ‘पुटिंग पॅन्ट्स ऑन फिलिप’. लॉरेल आणि हार्डी ही जोडी अजून पुरती जुळायची होती, त्या दिवसांतला. बंदराच्या धक्क्यावर गर्दी जमली आहे. बोटीतून स्कॉटलंडचा एक तरुण उतरतो. कमरेला चौकड्यांची किल्ट, डोक्यावर टोपी. लोक खो खो हसतात. त्या हसणाऱ्यांत अंगाने भरलेले, प्रतिष्ठित हार्डीसाहेबही आहेत. हे ध्यान कुणाच्या घरी जाणार, म्हणून त्यांना उकळ्या फुटत असतात. आणि मग उलगडा होतो की, ते ध्यान त्यांचाच भाचा आहे!

पुढचा सगळा चित्रपट म्हणजे भाच्याला विजार घालायला लावण्याची मामाची धडपड. झरोक्यातून वारा येतो, किल्ट उडते, बायका मूर्च्छित पडतात. पण नीट पाहा. किल्टवाला लॉरेल एकदाही स्वतःच्या पोशाखाला लाजत नाही. तो रडतो ते शिंपी विजारीसाठी माप घेतो तेव्हा. लाजतो तो विजारवाला मामा. अखेरीस चिखलाच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत बुडतो तोही मामाच. शाळकरी वयात हा चित्रपट पाहिला तेव्हा मी किल्टला हसलो होतो. साठी उलटल्यावर पुन्हा पाहिला, तेव्हा कळले की आपण चुकीच्या माणसाला हसत होतो.

ज्या वस्त्रावर जग एवढे हसले, ते एके काळी गुन्हा होते. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या बंडखोरांचा पाडाव झाला. लगोलग कायदा आला की, हा डोंगरी पोशाख पुरुषांनी घालायचा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. सूट होती ती फक्त राजाच्या फौजेत भरती होणाऱ्यांना. म्हणजे किल्ट घालायची तर राजासाठी मरायला तयार होऊन घाला! १७८२ मध्ये बंदी उठली. आणि १८२२ मध्ये इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तो स्वतःच किल्ट घालून, गुलाबी तंग मोज्यांवर. सोहळ्याचे सूत्रधार होते कादंबरीकार वॉल्टर स्कॉट. व्यंगचित्रकारांना तेव्हापासून जे खाद्य मिळाले ते आजवर संपलेले नाही. जी वस्तू मारून मरत नाही, तिचा आधी सोहळा होतो आणि मग विनोद, असा हा प्रवास आहे.

मात्र हा विनोद केवळ परक्यांनी केला असे म्हणता येत नाही. स्टॅन लॉरेल जन्माने इंग्रज, पण त्याच्या वडिलांचे नाट्यगृह ग्लासगोत होते आणि तो वयाच्या सोळाव्या वर्षी रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिला तोही त्याच गावात. त्याच्याही आधी हॅरी लॉडर या विनोदी गायकाने किल्ट, वाकडी काठी आणि चिक्कूपणा हा मसाला जगभर फिरवला. लहानपणी गिरणीत आणि मग कोळशाच्या खाणीत राबलेला हा माणूस स्वतःच्याच लोकांच्या कंजूषपणावर पोट धरून हसवायचा. १९१६ च्या डिसेंबरात त्याचा एकुलता मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला, तो किल्ट घालणाऱ्याच एका पलटणीचा कॅप्टन होता. लॉडर काही दिवसांतच पुन्हा रंगमंचावर उभा राहिला, तीच किल्ट घालून. त्या रात्री प्रेक्षकांना किल्ट विनोदी वाटली असेल का?

या किल्टची आपल्याशीही गाठ पडते. १९३५ च्या ‘बॉनी स्कॉटलंड’मध्ये लॉरेलला वारशात मिळते काय, तर बॅगपाइप आणि तपकिरीची डबी! पुढे ही जोडी चुकून पलटणीत भरती होते आणि थेट हिंदुस्थानात येऊन पडते. १९६८ च्या ‘कॅरी ऑन अप द खैबर’ने तर कमाल केली. किल्टखाली हे गोरे शिपाई काहीच घालत नाहीत, या दहशतीवर सरहद्दीवरचे इंग्रजी राज्य उभे असते. एका शिपायाची चड्डी सापडते आणि साम्राज्य डळमळू लागते. साम्राज्यावरचे इतके मार्मिक भाष्य जाड ग्रंथांतही क्वचित सापडेल.

किल्टच्या विनोदाने फारसे रक्त काढले नाही. कंजूषपणाच्या विनोदाचे तसे नाही. १९४७ मध्ये कार्ल बार्क्सने स्क्रूज मॅकडक हे अब्जाधीश बदक कागदावर उतरवले. नव्वदच्या दशकात ते दूरदर्शनवर हिंदी बोलत आमच्या घरात शिरले. हिंदीत येताना त्याचा स्कॉटिश हेल गळाला, उरला तो कंजूषपणा. नाण्यांच्या ढिगात ते सूर मारी तेव्हा मुलगी टाळ्या पिटायची आणि दिवसभर नोटा मोजून बोटे काळी झालेला मी कौतुकाने पाहायचो.

बँकेत जन्म गेलेल्या माणसाने तरी या विनोदाला जपून हसावे. गरिबाने सहा पेन्स घेऊन यावे आणि खाते उघडावे, अशी बचत बँक १८१० मध्ये काढली ती रुथवेल या स्कॉटिश खेड्यातल्या हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने. आम्ही उठता-बसता ‘कॅश क्रेडिट’ म्हणायचो, त्याचे मूळही एडिंबरोचे. १७२८ मध्ये तिथल्या रॉयल बँकेने विल्यम हॉग या व्यापाऱ्याला शिलकीपेक्षा एक हजार पौंड जास्त उचलायची मुभा दिली. आणि अडीच हजारांवर ग्रंथालयांना पैसा पुरवणारा अँड्र्यू कार्नेगी डनफर्मलिनच्या विणकराचा पोर. कंजूष म्हणून हिणवलेल्या मुलखाची ही जमाखर्चाची वही आहे.

हे सारे मला फार उशिरा कळले. नोकरीच्या सुरुवातीला मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. एक म्हातारे खातेदार यायचे. धोतर, पागोटे, हातात वापरलेल्या पाकिटाची पाठ; तिच्यावर हिशेब. पैसे तीनदा मोजायचे, सुटी नाणीही. मी त्यांना नाव ठेवले ‘स्कॉच’. सगळी शाखा ते वापरू लागली. एकदा त्यांच्या कानावर गेले. त्यांनी शांतपणे अर्थ विचारला. मी ओशाळून सांगितला. ते हसले आणि म्हणाले, “साहेब, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. तवापासनं मोजायची खोड लागली बघा.”

त्यानंतर ते नाव मी पुन्हा घेतले नाही, पण शाखेत ते चालूच राहिले. विनोद एकदा सुटला की मालकाचे ऐकत नाही.

म्हणून विनोदच नको, असे मी म्हणणार नाही. लॉरेल-हार्डी मी आजही पाहतो आणि मनमुराद हसतो. फक्त हसताना एवढे तपासतो की, चिखलात बुडतो कोण? मामा बुडत असेल तर खुशाल हसावे. भाच्याला बुडवून हसायची वेळ आली, तर आपण धक्क्यावरच्या त्या गर्दीत उभे आहोत असे समजावे. आणि बोटीतून उतरणारा आपलाच कुणी असू शकतो.