गाडी कुठली, हे बसण्याआधी बघा

सोलापुरात माणसं नेणारी प्रत्येक चारचाकी ‘गाडी’च असते. फार तर एसटी, परिवहनची बस, ट्रॅव्हल्स किंवा वडापची जीप एवढा फरक आपण करतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मात्र यांची नावं वेगळी आहेत, आणि भाड्यावरून वाद झाला किंवा अपघात घडला की तीच नावं महत्त्वाची ठरतात.

स्टेज कॅरेज आणि कॉन्ट्रॅक्ट कॅरेज हीच जोडी घ्या. स्टेज कॅरेज म्हणजे टप्पा वाहतूक. प्रत्येकाचं तिकीट वेगळं, वाटेत चढउतार. पुण्याला निघालेल्या एसटीतून मोहोळला दोघं उतरतात, टेंभुर्णीला चौघं चढतात, ते याच परवान्यावर. कॉन्ट्रॅक्ट कॅरेज अख्खी ठरवायची, लग्नाच्या वऱ्हाडासाठी किंवा सहलीसाठी. करारात नसलेला प्रवासी वाटेत घ्यायची तिला मुभा नाही. तरीही याच परवान्यावरच्या ट्रॅव्हल्स सर्रास एकेक सीट विकतात आणि हायवेवर हात दाखवला की थांबतात.

कॅबचंही तसंच. चालक सोडून 6 प्रवाशांपर्यंत मोटर कॅब, त्यापुढे 12 पर्यंत मॅक्सी कॅब. अक्कलकोट रस्त्यावरच्या जीपमध्ये हा आकडा कोण मोजतो? इंजिन चालू ठेवून ‘चला, लगेच सुटणार’ असा पुकारा होतो आणि गाडी सुटते तेव्हा चालकाच्या उजव्या अंगालाही एक जण टेकलेला असतो. नंबरप्लेट पांढरी असेल तर गाडी खासगी. भाड्याने माणसं नेताना तिला अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. एसटीच्या तिकिटात अपघात सहाय्यता निधीचा रुपया असतो, वडापात तिकीटच नसतं.

वडापवाल्यांवर माझा राग नाही. एसटी वेळेवर येत नाही त्या गावांना त्यांचाच आधार आहे. राग आहे तो परवाना कागदपत्रांतच दडवून ठेवणाऱ्या व्यवस्थेवर. परवान्याचा प्रकार आणि आसनसंख्या प्रत्येक गाडीच्या दारावर ठळक मराठीत लिहिणं परिवहन विभागाने सक्तीचं करावं.

तोवर आपणच नंबरप्लेटचा रंग बघायचा, पावती मागायची. खासगी ट्रॅव्हल्सचं भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त असू नये, असा शासन निर्णय 2018 पासून आहे. सणासुदीला कुणी त्याहून जास्त मागितलं, तर गाडीचा नंबर टिपून घ्या आणि आरटीओकडे लेखी तक्रार करा.