'आपल्याकडे सीलिॲक नसतो' हे कोणी मोजलं?

"सीलिॲक? तो पंजाब-हरियाणाकडचा आजार. आपल्या मराठी माणसांत नसतो." हे वाक्य तुम्ही कदाचित एखाद्या डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं असेल. मला ते मान्य नाही. का, ते सांगतो.

आधी आजार थोडक्यात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. काही जणांची प्रतिकारशक्ती ग्लूटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सपाट होतं आणि अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. ही ॲलर्जी नाही आणि साधं अपचनही नाही.

आता आकडे पाहा. दिल्ली परिसरातल्या वस्त्यांमध्ये केलेल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण 96 माणसांमागे एकाला सीलिॲक आढळला. पुढे 2016 साली उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या 23 हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराच्या अँटिबॉडी उत्तरेत 1.23 टक्के लोकांत सापडल्या, तर दक्षिणेत फक्त 0.10 टक्के लोकांत.

"बघा, म्हणजे उत्तरेचाच आजार!" असं म्हणण्याची घाई करू नका. याच अभ्यासात आजाराला लागणारी जनुकं उत्तरेत 38 टक्के आणि दक्षिणेत 36 टक्के लोकांत होती. म्हणजे जवळपास सारखीच. मग फरक कशात होता? ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी 455 ग्रॅम, दक्षिणेत 25 ग्रॅम. जनुक असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही, आणि गहू हे एकमेव कारण आहे असंही सिद्ध झालेलं नाही. पण 'आपल्या रक्तातच नाही' हा दावा इथे कोसळतो.

आणि महाराष्ट्र? तो या अभ्यासात नव्हताच. तरीही आपण बिनधास्त 'नसतो' म्हणतो! आता स्वतःच्या ताटाकडे बघा. आजीच्या घरी ज्वारी-बाजरीची भाकरी होती. तुमच्या घरी सकाळी पोळी-भाजीचा डबा, मधल्या वेळी बिस्किटं, संध्याकाळी पाव आणि रात्री पुन्हा पोळी. नकाशावर आपण दक्षिणेच्या जवळ असू, ताटात मात्र उत्तरेकडे सरकलो आहोत.

या गैरसमजाची किंमत रुग्ण मोजतो. मुलीचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या खाऊनही वाढत नाही, मुलाची उंची खुंटते, पोट सतत फुगतं, जुलाब थांबत नाहीत. वर्षानुवर्षं टॉनिक आणि जंताच्या गोळ्या दिल्या जातात. जुलाब नसले तरी सीलिॲक असू शकतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "सीलिॲकची तपासणी करायची का?" विशेषतः:

• गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय असेल
• मुलाची वाढ किंवा वयात येणं लांबलं असेल
• टाइप 1 मधुमेह असेल
• सख्ख्या नात्यात कुणाला सीलिॲक असेल

पहिली पायरी म्हणजे टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी, सोबत एकूण आयजीए. ती सदोष आली तर बहुतेकदा दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासतात.

आणि एक कळकळीची विनंती. इंटरनेटवर वाचून तपासणीआधीच गहू सोडू नका. गहू बंद केला की अँटिबॉडी कमी होतात, अस्तर भरून येऊ लागतं आणि खरा आजारही तपासणीत निसटतो.

निदान झालं, तर मात्र गहू आयुष्यभर पूर्ण बंद. रवा, मैदा, शेवया तर बंदच, पण पीठ मिसळलेला हिंगसुद्धा नको. घाबरू नका. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा हे सगळं आपलंच आहे. फक्त ते गव्हाच्या गिरणीत दळू नका.

जो आजार आपण शोधतच नाही, तो 'दुर्मिळ' आहे असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.