वेशीच्या आतली कुलपं

नगरमध्ये ज्याला चार पैसे बाजूला टाकता आले त्याने सावेडी गाठली. ज्याला थोडे कमी जमले त्याने केडगाव किंवा बोल्हेगाव. पूर्वेला भिंगारची छावणी, पश्चिमेला सीना, म्हणून शहर मनमाड आणि पुणे रस्त्यांच्या अंगाने लांबत गेलं. माणसं मोकळ्या हवेसाठी गेली, असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या मते त्यांना बाहेर काढलं ते सिटी सर्व्हेच्या उताऱ्याने. नालेगाव-माळीवाड्यातला एखादा जुना वाडा घ्या. उताऱ्यावर आठ-दहा वारस, निम्मे पुण्या-मुंबईला, खालच्या खोल्यांत जुने भाडेकरू. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली. 50 रुपये भाड्यावर ती होते 2 रुपये. त्यात मालक छप्पर काय दुरुस्त करणार! पाडून बांधावं तर 2020 ची एकत्रित नियमावली बांधकामाची मुभा रस्त्याच्या रुंदीवर ठरवते, आणि इथल्या बोळात रिक्षा वळत नाही. कर्ज देणारी बँक निर्वेध मालकी मागते. ती सावेडीतल्या एनए प्लॉटला असते. मग वाड्याला कुलूप लागतं, पावसाळ्यात भिंती फुगतात आणि एके दिवशी दारावर धोकादायक इमारतीची नोटीस चिकटते.

लोकांनी ऐसपैस घर घेतलं तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. घराबद्दल तक्रार नाहीच. पण राहणं बाहेर गेलं आणि आडते बाजार, दाळमंडई, कापडबाजार आतच राहिले. उपनगरांत दुकानं झाली हे खरं, तरी लग्नाचा बस्ता बांधायला कुटुंब गाडी काढून गावातच येतं. 2022 मध्ये सुरू झालेला उड्डाणपूल पुण्याहून संभाजीनगरकडे जाणाऱ्याच्या कामाचा. गंजबाजारात शिरणाऱ्याला त्याचा काय उपयोग? शिवाय शेतात प्लॉट पाडून उभ्या राहिलेल्या प्रत्येक वसाहतीपर्यंत मुळा धरणाचं पाणी, ड्रेनेज, रस्ता नव्याने न्यायचा, आणि आत आधीच टाकलेल्या नळाला पाणी भरणारं घर उरलेलं नाही.

यावर हमखास सुचतो तो उपाय रस्तारुंदीचा. त्याने वाड्याचं तोंड जातं, मागे उरलेल्या पट्टीत कुणालाच काही बांधता येत नाही, आणि मोकळी झालेली जागा पार्किंगमध्ये संपते. त्यापेक्षा लगतचे चार-पाच वाडे एकत्र बांधायला परवानगी द्यावी, भाडेकरूला तिथेच मालकीची खोली मिळावी, आणि वारसनोंदी, वाटण्या निकाली काढायला भूमी अभिलेख खात्याने वॉर्डातच शिबिरं घ्यावीत. महापालिकेने माळीवाड्यातली एक गल्ली निवडून सुरुवात करावी.