डोळ्यावरून मेंदूचा अंदाज

तळेगावच्या कारखान्यातली दुसरी पाळी सुटते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने कामशेतकडे निघालेला तरुण मोटारसायकलवरून घसरतो. डोक्याला मार लागतो, पण रक्त नाही. चालत घरी येतो, चहा घेतो, दोनदा उलटी करतो आणि आडवा होतो. घरचे म्हणतात, "दमलाय, झोपू द्या." वाचकहो, घात होतो तो इथेच.

कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. आत रक्त साकळले किंवा मेंदूला सूज आली की दाब वाढतो. तो नेमका मोजायचा तर कवटीला छिद्र पाडून नळी घालावी लागते. अंदाज मात्र डोळ्यावरून घेता येतो. डोळ्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर मेंदूच्याच आवरणाची खोळ असते. मेंदूभोवतीचे पाणी त्या खोळीतही असते. आत दाब वाढला की खोळ फुगते. डॉक्टर मिटल्या पापणीवर जेली लावून, डोळ्यावर दाब न देता, सोनोग्राफीचा दांडा टेकवतात आणि नेत्रगोलाच्या मागे ३ मिलिमीटरवर खोळीची रुंदी मोजतात. मोठ्या माणसात ती ५ मिलिमीटरच्या बरीच पुढे गेली तर शंका घेतात. काम काही मिनिटांचे. डोळाच फुटला असेल तर मात्र ही तपासणी करत नाहीत.

मग हे यंत्र गावोगावी का नाही? सोनोग्राफी यंत्र नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. पोटातल्या मुली मारण्यासाठी गर्भलिंग तपासले जाऊ लागले, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला. १९९४ साली केंद्राचा आला. बंधन योग्यच आहे. शिवाय नुसते यंत्र असून भागत नाही, हे मोजमाप करण्याचा सराव असलेला हातही लागतो.

आणि मोजमाप ठीक आले म्हणून निर्धास्त होऊन घरी परतू नका. रक्त साकळले का आणि कुठे, हे सीटी स्कॅनच दाखवतो.

उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, फिट, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, हाक मारूनही न उतरणारी झापड, यांतले एकही दिसले तर कांदा हुंगवत बसू नका, तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा. लोणावळ्याहून पुणे चौसष्ट किलोमीटर आहे. पहाटेच्या लोकलची वाट पाहू नका.