अंधारात दिसणारी साइट

परवा गुरुग्रामजवळच्या फार्महाउसवर माझ्या एका निवृत्त कोर्समेटनं कंपाउंड धनुष्य हातात ठेवलं. "संध्याकाळी अरवलीतून नीलगायी उतरतात. अंधारात चालेल अशी साइट सांग."

खडकवासल्यापासूनची मैत्री, म्हणून सरळ सांगितलं: अशी साइट नसते. फायबर-ऑप्टिकची पिन आसपासचाच उजेड गोळा करून चमकते. दिवस मावळला की तीही मावळते. बॅटरीचा दिवा लावलात तर पिन झगझगते आणि तिच्यामागचं जनावर पुसट होतं. त्यात दोरीतल्या पीपचं भोक बारीक, ते उरलासुरला उजेडही अडवतं. भोक मोठं केलं की नेम सैल. दुकानदार महागडी पिन विकतो, पण दिसते ती पिनच. खांदा कुठं संपला नि पोट कुठं सुरू झालं, ते नाही. पोटात बाण घेऊन नीलगाय रात्रभर झुडपांत हिंडेल. तिला शोधायला कोण जाणार, साहेबांचा माळी?

शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचा प्रयत्नही शिकारच. "पिकं खातात रे," म्हणाला. लॉन हे पीक कधीपासून झालं? शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्यासाठी वनखात्याच्या परवानगीची वाट आहे. हौसेसाठी नाही.

हौसच असेल तर साताऱ्याची आदिती स्वामी बघ म्हटलं. २०२३ मध्ये बर्लिनला, १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. कंपाउंडच, पण ५० मीटरवरच्या कागदावर, दिवसाउजेडी.

निघताना साइट काढून खिशात घातली. हवी असेल तर रविवारी सकाळी मैदानावर येईल.